हातचा कुठे गेला?

पोळ्यानंतर इथे काहीच लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी विचारणा केली. मुंबईच्या वन्संनी तर थेट फोन केला, "वहिनी, लिहिणं सोडलंस की काय?" सोडलं नव्हतं. घडलं फार, आणि लिहायला हात धजत नव्हता. आज लिहिते. विषय जरा अवघड आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. मलाही तो पूर्ण समजला आहे असा दावा नाही. मी मराठीची बी.ए., गणित शिकवलं ते पाचवी-सहावीला, तेही शाळेत शिक्षक कमी पडले तेव्हा.

आधी घरातलं सांगते. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला आली होती. आमचे हे दरवर्षी त्यांना आधी एक पाढा म्हणायला लावतात आणि मग पैसे देतात. चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, त्यांची खोड ती. त्या दिवशी पोरं उभी, हे खुर्चीत, आणि तोंडातून शब्दच येईना. मी विचारलं, "अहो, काय होतंय?" तर म्हणाले, "दार." परत विचारलं, परत "दार". उजवा हात मांडीवरून घसरला. शेजारची बाई ओरडली, "काकू, लकवा हाय हा, गाडी बोलवा!" तिच्या त्या ओरडण्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. अर्ध्या तासात आम्ही यवतमाळच्या दवाखान्यात होतो आणि दुपारपर्यंत ह्यांचा एमआरआय झालेला होता.

मुलगा आणि नात रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. मुलगा डॉक्टरांशी बोलायला गेला. नातीनं खुर्चीवरची ती मोठी काळी फिल्म उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आजोबांचा मेंदू बघून रडते आहे. रडतच होती. पण म्हणाली काय, तर "आजी, इथे कोपऱ्यात टी वन, टी टू लिहिलंय ना, ही माझ्या विषयाची समीकरणं आहेत."

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. नात पुण्याला भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते. तिसरं वर्ष चालू आहे. विषय कोणाला सांगितला की समोरचा गप्प होतो: क्वांटम वस्तूंचा त्यांच्या भोवतालाशी होणारा व्यवहार आणि त्याचं गणित. मुलाचं म्हणणं, इतकी हुशार पोरगी, कंपनीत लागली असती तर आज घर झालं असतं. उन्हाळ्यात ह्या विषयावरून घरात वाद झाला, तेव्हा मी मुलाची बाजू घेतली होती. "बाळा, ह्याचा उपयोग काय ते तरी सांग," असं मीच तिला म्हटलं होतं. ती काही बोलली नाही. ताट उचलून आत गेली. आयुष्यभर वर्गात पोरांना "शंका विचारा" म्हणणारी मी, आणि नातीला विचारलेला प्रश्न शंका नव्हतीच, टोमणा होता.

दवाखान्यातून घरी आल्यावर ती पंधरा दिवस राहिली. दुपारी हे झोपले की आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसायचो. एक दिवस मी म्हटलं, "शिकव मला. पाचवीचं पोर समज." तिनं माझ्याच जुन्या शाळेच्या वहीची मागची पानं घेतली आणि सुरुवात केली. ते मी माझ्या शब्दांत मांडते. चुकलं तर चूक माझी, तिची नाही.

श्रोडिंगर नावाच्या शास्त्रज्ञानं १९२६ साली अणूंच्या जगासाठी एक समीकरण दिलं. ते फार नेटकं आहे, पण ते जसंच्या तसं लावायचं तर वस्तू जगात एकटी असावी लागते. कोणी तिला धक्का देत नाही, कोणी उजेड टाकत नाही, शेजारी कोणी नाही. अशा एकट्या वस्तूचा हिशेब पुढे चालवा की मागे, तो तंतोतंत जुळतो. काही हरवत नाही. आता मला सांगा, जगात अशी एकटी वस्तू कुठे असते? अणूच्या भोवती हवा आहे, उष्णता आहे, दुसरे अणू आहेत. म्हणजे खरा अणू भोवतालासकट असतो. आणि त्या भोवतालात इतके कण आहेत की सगळ्यांचा हिशेब लिहायला पृथ्वीवरचा कागद पुरणार नाही.

मग करायचं काय? तर भोवतालाचा हिशेब वहीत लिहायचाच नाही. फक्त आपल्या वस्तूची वही ठेवायची, आणि भोवतालामुळे तिच्यात जो फरक पडतो तेवढाच नोंदवायचा. ही वही म्हणजे एक छोटा तक्ता. दोन ओळी, दोन रकाने, चार घरं. तिरप्या रेषेवरच्या दोन घरांत शक्यता असतात: वस्तू 'वर' असण्याची किती, 'खाली' असण्याची किती. दोन्हींची बेरीज नेहमी एक. उरलेल्या दोन कोपऱ्यांत असतो तो 'वर' आणि 'खाली' ह्यांचा मेळ. मुठीत झाकलेल्या नाण्याचं म्हणाल तर छापा असेल नाहीतर काटा असेल, आपल्याला माहीत नाही इतकंच. तिथे ते कोपरे शून्य. क्वांटम वस्तूचे कोपरे शून्य नसतात, आणि तिचं सगळं वेगळेपण त्या कोपऱ्यांत असतं. भोवताल काय करतो, तर ते कोपरे पुसत आणतो. कोपरे पुसले गेले की अणूचं साधं नाणं होतं.

मी विचारलं, "पण मग पुसलेलं जातं कुठे? तू म्हणालीस काही हरवत नाही."

ती म्हणाली, "जगाच्या पूर्ण हिशेबात हरवत नाही आजी. ते शेजारच्या रकान्यात जातं. आपण आपलाच रकाना बघतो, म्हणून आपल्याला हरवल्यासारखं वाटतं."

"म्हणजे हातचा!" मी म्हटलं.

ती हसली. तिच्या प्राध्यापकांनाही सांगणार म्हणाली. बेरजेत एककाच्या रकान्यात नऊ आणि चार मिळून आपण तीन लिहितो, एक हातचा दशकाकडे जातो. जो फक्त एककाचा रकाना बघेल तो म्हणेल, तेराचे तीन झाले, दहा गेले कुठे! गेले नाहीत. सरकले.

मग समीकरण. ते मला पूर्ण लिहिता येत नाही, पण त्याची घडण मात्र जमाखर्चासारखी आहे. पहिला भाग जुनाच, श्रोडिंगरचा, ज्यात काही गळत नाही. दुसरा भाग भोवतालाचा. भोवताल ज्या ज्या वाटेनं वस्तूला शिवतो, त्या प्रत्येक वाटेसाठी तीन नोंदी: एक जमा आणि दोन अर्ध्या-अर्ध्या वजा. तिरप्या रेषेवर बेरीज केली की ती शून्य होते. म्हणून सगळ्या शक्यता मिळून शंभर टक्के ते शंभर टक्केच राहतात, आणि कोणतीही शक्यता उणे होत नाही. नात म्हणाली, वाटेल तसं समीकरण लिहिलं तर काही वेळानं उत्तर येतं 'ही गोष्ट घडण्याची शक्यता उणे पाच टक्के'. असं उत्तर वर्गात कोणी दिलं असतं तर ह्यांनी कान धरला असता. भोवताल विसराळू असेल, म्हणजे घेतलेलं लगेच विसरत असेल, तर असा वेडेपणा न होऊ देणारं सर्वांत सामान्य समीकरण कोणतं, हे १९७६ साली सापडलं. एकाच वर्षी दोन ठिकाणी: एकीकडे स्वीडनचा लिंडब्लाड, दुसरीकडे इटलीचा गोरिनी, पोलंडचा कोसाकोव्स्की आणि आपले सुदर्शन.

आपले म्हणजे ई. सी. जी. सुदर्शन. १९३१ साली केरळात जन्मले. १९५२ ते १९५५ ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. तेव्हा ती संस्था कुलाब्याच्या टोकाला नव्हती, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. पुढे ते अमेरिकेत गेले आणि हे काम केलं तेव्हा टेक्सासमध्ये ऑस्टिनला होते. २०१८ साली गेले. १९७६ साली मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात शिकवत होते. शाळेत वीज नव्हती. कुठे ते आणि कुठे आम्ही असं वाटतं खरं, पण त्यांच्या त्या कागदावरचा हिशेब पन्नास वर्षांनी माझ्या घरातल्या फिल्मवर निघाला.

तो कसा, ते सांगते. त्यासाठी आधी लेझीम आठवा.

आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला साठ पोरांचं लेझीम व्हायचं. हलगी वाजते तोवर साठ लेझीम एकदम खणाणतात. समजा हलगी मध्येच थांबली. पोरं नाचत राहतात, पण एक जरा पुढे, एक जरा मागे. थोड्या वेळानं प्रत्येक पोर नाचतच असतं, तरी मैदानावर नुसता गोंधळ ऐकू येतो. मेळ गेला. ह्या मेळ जाण्याला जो वेळ लागतो तो टी टू. त्यानंतर पोरं दमून एकेक करून खाली बसतात. त्याला लागणारा वेळ तो टी वन. मेळ आधी जातो, बसणं नंतर.

आता पोरांच्या जागी हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक घाला. आपल्या अंगात पाणी आहे आणि पाण्यात हायड्रोजन. ही केंद्रकं म्हणजे बारीक लोहचुंबकं. एमआरआयच्या नळीत दीड टेस्ला इतकं चुंबकत्व असतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट. एवढं असूनही सगळी केंद्रकं त्या दिशेला वळत नाहीत. 'वर' आणि 'खाली' जवळजवळ निम्मी-निम्मी. दहा लाखांत 'वर'ला मताधिक्य मिळतं ते सुमारे पाचाचं! आमच्याकडे ग्रामपंचायतीलासुद्धा यापेक्षा मोठं असतं. त्या पाचांच्या जिवावर सगळं चित्र निघतं. मग यंत्र रेडिओच्या लहरींची एक थाप देतं, हलगीसारखी, आणि केंद्रकं तालात फिरू लागतात. यंत्र तो ताल ऐकतं. ती विरत जाते कशी, ते मोजतं.

विरते कशी, तर भोवतालामुळे. मेंदूच्या पोकळ्यांतलं द्रव मोकळ्या पाण्यासारखं असतं. त्यातला रेणू भराभर गिरक्या घेतो, शेजाऱ्याचा एक धक्का इकडून तर दुसरा तिकडून, ते एकमेकांना कापतात. म्हणून तिथे मेळ टिकतो, सुमारे दोन सेकंद. मेंदूच्या गराच्या आत पाणी प्रथिनांच्या, चरबीच्या गर्दीत असतं. तिथे मेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ओसरतो. टी वनचंही तसंच: द्रवाला चार सेकंद, गराला एका सेकंदाच्या आतबाहेर. (ओसरतो म्हणजे चहा निवतो तसा. दर क्षणाला उरलेल्यातला ठरावीक हिस्सा जातो. एक टी टू झाला की सदतीस टक्के उरतो.) यंत्र जरा थांबून ऐकतं. तोवर गराचा ताल विरलेला, द्रवाचा चालू. म्हणून टी टूच्या चित्रात द्रव पांढरं दिसतं. जिथे इजा झाली तिथेही पाणी साचतं, तोही भाग पांढरा होतो. ताज्या झटक्यासाठी पाण्याच्या हालचालीची आणखी वेगळी चित्रं काढतात, डॉक्टर ती आधी बघतात, पण सगळ्यांच्या मुळाशी हा मेळच.

हे दोन वेळ मोजण्याची समीकरणं फेलिक्स ब्लॉखनं १९४६ सालीच दिली होती, अनुभवावरून. त्याच वर्षी ब्लॉख आणि पर्सेल ह्या दोघांनी वेगवेगळं काम करून हा चुंबकी आवाज ऐकला. १९५२ साली दोघांना नोबेल मिळालं. त्या आवाजातून चित्र काढण्याबद्दल २००३ साली लॉटरबर आणि मॅन्सफिल्डना मिळालं. पण टी टू हा टी वनच्या दुपटीपेक्षा मोठा का होऊ शकत नाही, ह्याचं उत्तर १९७६च्या त्या जमाखर्चात बसलेलं आहे. तो दुपटीच्या वर गेला, तर एखाद्या कोपऱ्यात शक्यता उणे निघते! मी फिल्मच्या द्रवाचे आकडे घेऊन तपासलं. चारची दुप्पट आठ, आणि दोन त्याच्या आत. वहीत बरोबरची खूण केली. जुनी सवय.

आता खरी गोष्ट. नातीच्या विषयात भोवताल हा बहुतेक वेळा शत्रू असतो. कुलाब्याच्या टाटा संस्थेत क्वांटम संगणकाचं काम चालतं. डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा आणि ह्या संस्थेनं मिळून सहा क्यूबिटचा प्रोसेसर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासून दाखवला, ही बातमी २०२४च्या ऑगस्टमधली. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, सहा हजार कोटींच्या वरचं. अशी सर्किटं निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या, अगदी लगत थंड करून, चहूबाजूंनी झाकून ठेवतात, तरी त्यांचा मेळ सहसा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतही टिकत नाही. आणि आपल्या डोक्यातल्या पाण्याचा मेळ, अंगाची ऊब असताना, दोन सेकंद! कारण केंद्रक कोणाशी फारसं बोलत नाही. सर्किटशी आपल्याला झटपट बोलता यावं म्हणून ते तसं बनवलेलं असतं, आणि ज्याच्याशी आपल्याला बोलता येतं त्याच्याशी भोवतालालाही बोलता येतं. दारं उघडी ठेवली की पाहुणे येतात आणि धूळही येते.

पण मी तिला विचारलं, "हा भोवताल नसताच तर आजोबांचं चित्र निघालं असतं का?"

ती थांबली. म्हणाली, "नाही आजी. मुळात ते पाचाचं मताधिक्यच मिळालं नसतं." नळीत शिरल्यावर केंद्रकं जी थोडीशी चुंबकाकडे झुकतात, ती भोवतालाशी देवघेव करूनच. भोवताल नसता तर ती होती तशीच राहिली असती. आणि सगळीकडे मेळ सारखाच टिकला असता तर द्रव आणि गर वेगळे ओळखायचे कसे? जे गळतं, त्या गळण्याच्या वेगावरूनच तर कळतं की वस्तू कोणाच्या सोबत आहे.

मंडळी, माझ्या "उपयोग काय" ह्या टोमण्याचं उत्तर मला असं मिळालं. ज्याला ती मुलं तोटा म्हणतात आणि वर्षानुवर्षं मोजत बसतात, त्याच तोट्याच्या मापावर यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ठरवलं की ह्यांना कोणतं औषध द्यायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हाही त्या यंत्राच्या पोटात हेलियम उणे २६९ अंशांवर असतो आणि कोणीतरी म्हातारा त्यात आडवा झालेला असतो. १९४६ साली ब्लॉखला कोणी विचारलं असतं की उपयोग काय, तर त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

एक गंमतही सांगते. सुदर्शन आणि बैद्यनाथ मिश्र ह्यांनी १९७७ साली दाखवलं की एखादी अस्थिर क्वांटम वस्तू सतत न्याहाळत राहिलं तर ती बदलतच नाही. बघणं हासुद्धा भोवतालाचा स्पर्शच. मी म्हटलं, त्यात नवीन काय, दुधाचं तसंच असतं! समोर उभं राहा, वीस मिनिटं ढिम्म. पाठ वळवा, उतू. नात म्हणाली, "आजी, तू समोर असलीस की गॅस बारीक करतेस, म्हणून." असो. पण त्या गंमतीतून मला एक शहाणपण आलं. झटक्यानंतर मी दिवसभर ह्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. "म्हणा, पाणी म्हणा. पा-णी." ते ओठ मिटून भिंतीकडे वळायचे. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनीही तेच सांगितलं, "मॅडम, परीक्षा घेऊ नका." सगळा जन्म परीक्षा घेण्यात गेला, ती सवय मोडायला महिना लागला.

बाईंनी दुसरी वाट दाखवली. अशा आजारात नेमका शब्द शोधणं अवघड जातं, पण घोकून घोकून मुरलेलं पुष्कळदा शाबूत राहतं: आकडे, वार, आरत्या, पाढे. मी गल्लीतल्या पोरांना संध्याकाळी ओट्यावर बोलावलं. पहिल्या दिवशी पोरं म्हणू लागली, बे एके बे, बे दुणे चार. आत ह्यांचा डावा हात खाटेच्या दांडीवर ताल धरू लागला. बे त्रिक सहा कोणी म्हटलं माहीत आहे? ह्यांनी. स्पष्ट. बे चोक आठसुद्धा. एकटे असले की शब्द नाही, पोरांच्या तालात आले की पाढा अख्खा. नातीला फोनवर सांगताना मला रडू आवरेना.

मी तिला म्हटलं, "हा बघ तुझा भोवताल. घेतलेलं परत देतोय." कारण तिचा स्वतःचा विषय तोच आहे. १९७६चं समीकरण विसराळू भोवतालासाठी. पण काही भोवताल विसरत नाहीत, त्यांच्याकडे गेलेलं थोडंफार फिरून वस्तूकडे येतं, पुसलेले कोपरे थोडे परत उमटतात. तिथे जुना जमाखर्च पुरत नाही, नवा मांडावा लागतो. ती तो मांडते आहे.

तिनं मात्र मला टोकलं. "आजी, आजोबांच्या मेंदूला माझं समीकरण लावू नकोस. माझी वस्तू एक केंद्रक आहे, फार तर दोन. आजोबांच्या मेंदूत जे चाललंय ते जीवशास्त्र आहे. पोरांमुळे पाढा येतो ह्याचा क्वांटमशी काही संबंध नाही." तिचं खरं आहे. क्वांटमच्या नावावर वाटेल ते खपवणारे पुष्कळ आहेत, त्यात तुमची ही बाई नको. मी तिला शब्द दिला. फक्त म्हण म्हणून मनात ठेवते आहे.

दिवाळीला सगळे आले. लक्ष्मीपूजन झाल्यावर मी मुलाला कपाटातली फिल्म काढून दिली आणि कोपऱ्यातली अक्षरं दाखवली. जे वर सांगितलं ते सगळं सांगितलं, लेझमासकट. तो इंजिनिअर आहे, माझ्यापेक्षा लवकर समजला. बराच वेळ फिल्म हातात धरून बसला. मग म्हणाला, "आई, पण तिच्या पोटापाण्याचं?" तो बाप आहे, त्याची काळजी खोटी नाही. मी म्हटलं, "ते अवघडच आहे. पण उपयोग काय, असं ह्यापुढे ह्या घरात तिला कोणी विचारायचं नाही. मी तर नाहीच." नात दारात उभी होती. तिनं ऐकलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा चौथीतला पोरगा वही घेऊन ह्यांच्याजवळ बसला होता. सुट्टीचा अभ्यास. मी आत चिवडा डब्यात भरत होते. एकोणपन्नास अधिक चौतीस. पोरानं लिहिलं त्र्याहत्तर. ह्यांनी डाव्या हाताचं बोट वहीवर ठेवलं. पोरगा बघतच राहिला. मी दारातून बघत होते, बोलले नाही, जागेवरूनही हलले नाही. बराच वेळ गेला.

मग हे म्हणाले, "हातचा."

पाढा नव्हता, आरती नव्हती. शोधून आणलेला शब्द होता, आणि नेमका. पोरानं खोडरबरानं सात पुसला आणि आठ लिहिला.

असो. तीन महिन्यांत असे सतरा शब्द झाले आहेत. वहीत लिहून ठेवते. नात जानेवारीत येणार आहे, तोवर पंचवीस व्हावेत अशी इच्छा आहे. वन्सं, तुमचं नाव अजून त्यात नाही, रागावू नका. माझंही नाही.